डाव्या पटरीवरचं ध्यान

आमच्या घरात 'ध्यान' हा शब्द दिवसातून पन्नासदा तरी यायचा, पण मांडी घालून डोळे मिटण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दुधावर ध्यान ठेव. पिल्लं अंगणात आहेत, ध्यान दे. मीठ आणायला सांगितलं होतं, ध्यानात राहिलं का? गोंदियाच्या कडेला, मुर्रीत आमचं घर. एका कानावर झाडीबोली आणि दुसऱ्यावर हिंदी पडत मी वाढले, आणि दोन्हीकडे ध्यान म्हणजे लक्ष, आठवण, राखण. त्यामुळे चौथीत एक गंमत झाली. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याकडून आलेल्या एक बाई आमच्या वर्गावर होत्या. तेलानं थापलेले केस, उलटा घातलेला स्वेटर आणि खिडकीबाहेर लागलेली नजर अशा अवतारात मी बसले होते. बाई माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "काय ध्यान आहे!"

मी फुगून घरी आले. बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या ध्यानाची तारीफ केली, असं सांगितलं. आईनं शेजारच्या चार घरांत ते पोचवलं. बाबा तर दोन दिवस छाती काढून फिरत होते. "माह्यावर गेली पोरगी," म्हणाले. त्या वाक्याचा खरा अर्थ मला कॉलेजात कळला, आणि मी तो दोघांनाही कधी सांगितला नाही. आता दोघंही नाहीत, आणि सांगितलं नाही तेच बरं केलं असं वाटतं.

बाबांना ध्यानाचा अभिमान असणं साहजिक होतं, कारण आमचं पोट त्यावरच चालायचं. ते रेल्वेत कीमन होते. पटरी खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात. रोज सकाळी आपल्या हद्दीतून पायी जायचं, एकेक चावी बघायची, ढिली असेल ती हातोड्यानं ठोकून बसवायची, हे कीमनचं काम. त्या हद्दीला बीट म्हणतात. जाताना एक पटरी बघायची आणि परत येताना दुसरी. लहानपणी मी विचारलं होतं, जातानाच दोन्ही का नाही बघत, परत येताना मजेत येता येईल. बाबा म्हणाले, "दोन डोरे असले तरी मानूस येका टायमाले येकाच पटरीवर ध्यान देऊ शकते. दोन्ही पाहीन म्हनते तो येकही पाहत नाई."

नव्याण्णव साली ते रिटायर झाले. हातोडा, झेंड्या सरकारजमा झाल्या, पण पाय काही रिटायर झाले नाहीत. जुने बूट घालून ते रोज सकाळी लाइनच्या बाजूच्या पायवाटेनं आपली बीट चालून यायचे. घरी येऊन आईला सांगायचे की अमक्या खांबाजवळची चावी ढिली वाटून राहिली. आईला चावीचं काय करायचं होतं? तिचं लक्ष बुद्धविहाराकडे लागलेलं असायचं. आमच्या विहारात तेव्हा सकाळचा ध्यानाचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. शिकवायला एक मावशी यायच्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेल्या, तोंडानं फाटक्या आणि मनानं भक्कम. दहा-दहा दिवसांची मौनाची शिबिरं करून आलेल्या. मावशी दहा दिवस गप्प राहिल्या हे गावात कोणालाच खरं वाटत नव्हतं.

बाबा पौर्णिमेला पांढरे कपडे घालून वंदनेला जायचे, पण ध्यानाच्या वर्गाची टिंगल करायचे. "रिकामटेकडे नाकातला वारा मोजायले बसतेत," म्हणायचे. माझं मत त्यांच्यासारखंच होतं. मी तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. नव्या नोकरीचा ताठा अंगात होता आणि राग तर जन्मजात होता. आई म्हणायची, ही पोरगी तव्यावरून उतरली की चुलीवर बसते.

दोन हजार तीनचा हिवाळा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारावर आली होती. आईनं बाबांचे खाकी कपडे काढून दिले. तेवढ्यावर सौदा जमेना, म्हणून वरून त्यांचे बूटही टाकले आणि स्टीलचा एक मोठा डबा घेतला, घट्ट झाकणाचा, झाकणावर कमळ कोरलेला. बाबा फिरायला निघाले तर बूट नाहीत.

"तुले हे सुचलं काऊन?" बाबा ओरडले.

"फाटले होते. अंगठा दिसून राहिला होता," आई म्हणाली.

"माह्या नजरेसमोर येऊ नको आता."

"नाई येत."

मी शाळेला निघत होते. असली भांडणं आमच्याकडे नवी नव्हती. मी बस पकडली. तासाभरानं बाबा बोरिंगवर हातपाय धुवायला गेले आणि तिथेच कोसळले. लकवा. डावी बाजू गेली होती.

बारा दिवस दवाखान्यात काढून आम्ही त्यांना घरी आणलं. बोलणं शाबूत होतं. पाय हळूहळू धरायला लागला होता, हात मात्र मेल्यासारखा लोंबायचा. त्यांची मान सारखी उजवीकडे वळलेली असायची. आम्ही खाट भिंतीला लावली, जेवायला समोर स्टूल ठेवलं. डाव्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, म्हणून आई तिकडे जमिनीवर बसायची. मी उजवीकडे. आणि मग ते सुरू झालं.

आई विचारायची, "भात वाढू का जी?" बाबा मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, "वाढ म्हना." आई म्हणायची, "गोळी घेतली का?" बाबा मला सांगायचे, "घेतली." एकदा आई हातभर अंतरावर बसलेली असताना त्यांनी मला विचारलं, "तुही माय कोठी गेली?"

आमच्या घराण्यातला अबोला पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एका आंब्याच्या फांदीवरून बाबा आपल्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलले नव्हते. काका समोर बसलेले असायचे आणि बाबा मला म्हणायचे, "तुह्या काकाले सांग, पानी घे म्हनावं." काकाही मलाच सांगायचे, "नको म्हनावं." लहानपणी मी त्या दोघांमधली पोस्टमन होते. त्यामुळे आता खाटेवरून जे चाललं होतं त्याचा अर्थ लावायला आम्हाला डॉक्टर लागला नाही. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बोलला तसाच करून राहिला हा मानूस. नजरेसमोर येऊ नको म्हने. आता मी दिसतच नाई त्याले."

मलाही तेच वाटलं. मी बाहेर येऊन बाबांना म्हटलं, "एवढी सेवा करून राहिली ती तुमची. जरा तरी लाज वाटू द्या." बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला तो सोंगाचा भाग वाटला. त्या वाक्याची मी स्वतःला अजून माफी दिलेली नाही.

ते आजारपण होतं हे कळलं माझ्या रागामुळे. तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आईनं ताटात उजवीकडे पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी, मधे भात आणि डावीकडे लाखोरीच्या डाळीच्या वरणाची वाटी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची चटणी असं वाढलं होतं. बाबांनी उजवी बाजू साफ केली. भात तर असा खाल्ला की मधोमध सुरी फिरवल्यासारखा अर्धा ढीग तसाच उभा. मग मान वर करून म्हणाले, "वरन काऊन नाई वाढलं? उपाशी माराचं आहे का मले?"

दारात उभ्या असलेल्या आईचे डोळे भरले. माझं डोकं फिरलं. मी ताट उचललं, गर्रकन फिरवलं आणि स्टुलावर आदळलं. "मग हे काय आहे?"

डावी बाजू आता उजवीकडे आली होती. बाबांनी वरणाकडे बघितलं, वाटी भातावर उपडी केली आणि शांतपणे म्हणाले, "आता कसं वाढलं. पयलेच वाढाचं ना."

आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मला एकेक आठवायला लागलं. चार दिवसांपूर्वी त्यांनी आरशासमोर बसून दाढी केली होती ती अर्धीच, उजव्या गालाची, आणि आम्ही हसलो होतो. केसही एकाच बाजूचे विंचरलेले असायचे. मी पेन घेऊन त्यांच्या उजवीकडे धरलं, त्यांनी ओळखलं. तेच डावीकडे नेलं तर ते मला म्हणाले, "कायले खेळून राहिली? पेन लपवला काऊन?" पेन त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी इतकी भीती आली की मी पेन तसंच धरून उभी राहिले.

आम्ही बाबांना नेलं ते गोंदियातले डॉक्टर हिंदीच बोलायचे. त्यांनी चिठ्ठीच्या मागे मेंदूचं चित्र काढलं, उजव्या अर्ध्यावर फुली मारली आणि सांगितलं, "आँखें ठीक हैं इनकी. लेकिन दिमाग का जो हिस्सा ध्यान देता है, चोट वहाँ लगी है. लेफ्ट साइड इनके ध्यान में ही नहीं आती. और इनको पता भी नहीं कि कुछ छूट रहा है." मग आईकडे वळून म्हणाले, "माताजी, आप हमेशा इनके लेफ्ट में ही बैठिए. राइट में बैठेंगी तो दिख जाएँगी, लेकिन फिर दिमाग उधर मुड़ना नहीं सीखेगा. और रोज़ ध्यान की प्रैक्टिस कराओ."

मला त्यांनी ती प्रॅक्टिस समजावून दिली होती. कागदभर रेघा काढून द्यायच्या आणि त्यांना एकेक खोडायला लावायची. डावीकडे वस्तू ठेवून शोधायला लावायच्या. डाव्या हाताला सारखा स्पर्श करायचा, मान वळवायला लावायची. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. आई ऑटोत बसल्यावर म्हणाली, "पाह्य बरं. डाक्टर बी तेच म्हनते. उद्यापासून विहारात नेऊ."

"आई, ते ध्यान नाही!"

"मंग कोनतं?"

"ध्यान म्हणजे लक्ष."

"लक्ष म्हंजे ध्यानच ना?" आई म्हणाली.

मी, विज्ञानाची शिक्षिका, चिडून बाहेर बघत बसले. ऑटोवाला मधे पडला आणि म्हणाला, "माताजी सही बोल रही हैं, मॅडम." तेव्हा मी त्याच्यावरही चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवून विहारात आले. आमच्याकडे मूर्तीकडे तोंड करून बसलं की बाया डावीकडे आणि बापे उजवीकडे. मधून वाट. बाबा वाटेच्या कडेला, मागच्या भिंतीला टेकून बसले, इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आज बाया काऊन नाई आल्या?" वीसेक बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसली नाही फक्त आई. ती मावशींची परवानगी काढून बायांच्या बाजूच्या अगदी काठावर, बाबांपासून हातभर अंतरावर बसली होती.

मावशी म्हणाल्या, श्वासाकडे ध्यान द्या, आत जाते, बाहेर येते, बस्स. पहिल्या दिवशी बाबा घोरले. दुसऱ्या दिवशीही घोरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नाकात पाहाचं काय, बाई? काहीच तर नाई तठी."

"नौकरी कोनती होती तुमची?" मावशींनी विचारलं.

"कीमन. चाव्या पाहत जाचं."

"मंग नाक सोडा. आंगावर चालत जा. डोस्क्यापासून पायाच्या बोटापरेंत. येक येक जागा पाहाची, कसं वाटते ते पाहाचं, पुढं जाचं. जागा सोडाची नाई."

बाबांनी भिंतीची पाठ सोडली आणि सरळ बसले. मग म्हणाले, "बीट आहे म्हना की."

त्या दिवसापासून ते घोरले नाहीत. डोळे मिटून बसायचे, ओठ किंचित हलायचे. चेहऱ्यावर तोच भाव असायचा जो मी लहानपणी लाइनवर बघितला होता, पटरीवर वाकलेला, जगाशी काही घेणंदेणं नसलेला. कितीतरी वर्षांनी मी माझ्या बापाला कामावर जाताना बघत होते. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यात दडवलं.

पण ते लवकर उरकायचे. "झालं," म्हणायचे. मावशी विचारायच्या, डावा हात पाहिला का? पाहिला म्हणायचे. त्यांच्या हिशेबानं सगळं अंग पाहून झालेलं असायचं. असे पंधरा-वीस दिवस गेले. एक दिवस मावशी म्हणाल्या, "गेले तसे वापस या आता. बीट अर्धी सोडून कीमन घरी जाते का?"

बाबांचे ओठ थांबले. जाताना एक पटरी, येताना दुसरी. ते बराच वेळ तसेच बसले. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या आवाजात मी जन्मात न ऐकलेली भीती होती. "बाई," ते म्हणाले, "दुसरी पटरी नाईच आहे."

डॉक्टर म्हणाले होते, काय सुटलं हे त्यांना माहीतच नाही. त्या क्षणी ते त्यांना कळलं. आजवर जगच तेवढं होतं. आता त्याचा अर्धा तुकडा हरवला आहे हे माहीत असलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. आईनं काठावरून हात लांब केला आणि त्यांच्या मेलेल्या तळव्यावर ठेवला. "आहे," ती म्हणाली. "माहा हात आहे तठी. तठपरेंत या."

बाबांनी आवाज कुठून येतो ते उजवीकडे शोधलं.

त्यानंतर रोज तेच. विहारात आईचा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर, मग दंडावर, मग कोपरावर. घरी माझ्या वहीतल्या रेघा. आई मला म्हणायची, तुही रेघ आन माहं ध्यान, पाहू कोन जितते. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज खांद्यापरेंत गेलो." महिन्याभरानं, "कोपरापरेंत." कधी म्हणायचे, "कालचं हरपलं, पुन्हा पयल्यापासून."

त्यांना नेण्या-आणण्यासाठी मलाही बसावं लागायचं. मला वाटायचं, मी सुशिक्षित, माझं लक्ष शाबूत. डोळे मिटले की पाचव्या श्वासाला मी गोरेगावच्या बसमध्ये असायची, सातव्याला हेडमास्तरांशी भांडत. आपलं काय सुटतं ते आपल्यालाही माहीत नसतं, हे मला तिथे समजलं. माझा राग गेला असं म्हणणार नाही, माझे विद्यार्थी हसतील. पण तो येताना दिसायला लागला. वर्गात हात उचलला जायच्या आधी आपला हात उचलला जातो आहे हे कळायचं, आणि तेवढ्या वेळात पोरगं वाचायचं.

आईचं मात्र वेगळंच चालू होतं. घरीदारी ती बाबांच्या डावीकडेच बसायची. बाबा उजवीकडे बोलायचे, तिच्याविषयी मला विचारायचे, तिनं वाढलेलं जेवण कोणी वाढलं म्हणायचे. तो अबोला नव्हे हे आता तिला पटलं होतं. तरी एकदा मला म्हणाली, "डाक्टर म्हनते ते खरं. पन बोलला तर होता ना तो." तो स्टीलचा डबा तिनं फळीवर सगळ्यात वर ठेवून दिला होता. त्याला हात लावत नव्हती.

बुद्धपौर्णिमेला मीच हट्ट केला. म्हटलं, एक दिवस उजवीकडे बस. तिनं पांढरी साडी नेसली आणि चार पावलं चालून खाटेच्या उजव्या बाजूला येऊन बसली. बाबांचा चेहरा उजळला. "कवा आली तू?" म्हणाले, जणू ती गावाला गेली होती. तासभर दोघं बोलत होते, खिरीत साखर किती, काकाच्या पोरीचं लग्न कधी, असलंच. बुटांचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिची विचारायची हिंमत झाली नाही. तिला हसताना बघून मला वाटलं, आता ही तिथून उठणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा डावीकडे जाऊन बसली. बाबांनी मला विचारलं, "तुही माय गेली का वापस?"

मी स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, "कशाला छळून घेतेस स्वतःला? चार पावलं तर आहेत." आई कणीक मळत होती. म्हणाली, "मी तठी बसली तर त्याले मी भेटन. पन त्याचा हात त्याले नाई भेटनार." तिच्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं. ती दिसत असतानाही मला तिचं मोठेपण फारसं दिसलं नव्हतं. डावलणं हा शब्द डाव्यापासूनच आला असावा. आमच्या लोकांना तो शब्द चांगला माहीत आहे, पण कोणाच्या भल्यासाठी रोज आपणहून डावलून घ्यायला बसणारी बाई मी तेव्हाच पाहिली.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. रविवार होता. दमट हवेनं डब्यातला मुर्रा, म्हणजे चुरमुरे, सादळत होता, म्हणून आईनं शेवटी फळीवरचा तो घट्ट झाकणाचा डबा खाली काढला. बाबांच्या डावीकडे, आपल्या जागी बसून ती त्यात मुर्रा भरत होती. मी उजवीकडे वह्या तपासत होते. बाबा माझ्याशी काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता थांबले.

मी वर बघितलं. त्यांची मान वळत होती. माझ्यावरून समोरच्या भिंतीवर, भिंतीवरून दारावर, आणि दाराच्याही पुढे, जिथे ती आठ महिन्यांत कधी गेली नव्हती. मी पेन खाली ठेवलं.

"हा डब्बा कवाचा?" बाबांनी विचारलं.

आईचा हात मुर्ऱ्यात तसाच राहिला. बाबांची नजर डब्यावरून तिच्या हातावर गेली, हातावरून खांद्यावर, एकेक जागा न सोडता, आणि तिच्या तोंडाशी येऊन थांबली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"आन तू अठी कवाची बसून आहेस?"

"हिवाळ्यापासून," आई म्हणाली.

मग आईनं, इतके महिने जे आत धरून ठेवलं होतं ते, डब्याकडे बघत सांगून टाकलं. "तुमचे बूट देऊन घेतला हा डब्बा. मीच देले."

बाबांनी आठवून बघितलं. त्यांना त्या सकाळचं काहीही आठवत नव्हतं. ते भांडण नाही, ते बोलणं नाही. जे वाक्य आईनं आठ महिने उराशी वागवलं, ते बोलणाऱ्याकडे शिल्लकच नव्हतं.

"बूट?" ते म्हणाले. "फाटले होते ते. अंगठा दिसून राहिला होता."

आई हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

कशानं झालं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू स्वतःच थोडाफार सावरतो, आणि तुम्ही मेहनत चांगली घेतली. मावशी म्हणाल्या, बीट. मी वहीतल्या रेघांचं नाव घेतलं, आई माझ्याकडे बघून गालात हसली. पुढेही बाबांचं डावीकडचं अधूनमधून हरवायचं, दमले की जास्त. पण शेवटपर्यंत ते रोज सकाळी डोळे मिटून आपली बीट चालायचे, एका पटरीनं जायचे आणि दुसरीनं परत यायचे.

त्या रविवारी आणखी एक झालं. बाबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. थरथरत, थांबत, खाटेच्या कडेवरून खाली गेला, आणि आईच्या डब्यात जाऊन त्यानं मूठभर मुर्रा धरला. तोंडापर्यंत येईस्तोवर त्यातला बहुतेक जमिनीवर सांडला. मी झाडू घेऊन उठले तर आईनं माझा हात धरला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तिनं ती खोली कोणाला झाडू दिली नाही.